थरथरत्या हातांचं वर्ष

कुंदे, जरा इकडे सरक. अशी जवळ बस, आणि तो हात आधी पदराखालून बाहेर काढ. मला दिसत नाही असं वाटलं का तुला? भाचीच्या लग्नात पंगतीला बसली नाहीस, भूक नाही म्हणालीस, आणि मागून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकटीच जेवलीस. पाण्याचा पेला उचललास तो दोन्ही हातांनी, तोही सगळ्यांची पाठ वळल्यावर. अगं, मी तुझी मावसबहीण, आणि त्यातून हे सगळे चोरटे खेळ वर्षभर खेळून बसलेली बाई. माझ्यापासून काहून लपवतेस?

फोनवर विचारलं की तू "बरी आहे" म्हणून विषय बदलतेस, म्हणून हे लिहायला घेतलं. कागद काही विषय बदलू देत नाही. माझी शाळा सातवीपर्यंतच. पुढचं वाचणं-लिहिणं आमच्या ह्यांच्या वर्तमानपत्रावरून आणि पल्लवीच्या पुस्तकांवरून शिकले, तेव्हा इकडचं तिकडे होईल. लखनऊत जन्म गेला, मधे मधे हिंदीही येईल. चालवून घे. आणि तुझ्यासारखी आणखी कोणी हात लपवून बसली असेल तर तिलाही वाचायला दे.

काडी लागेना

ही दोन हजार बारा-तेराची गोष्ट. तुला माहीतच आहे, आमच्या विकास नगरात आणि तिकडे जानकीपुरमला मिळून आपली मराठी घरं आहेत थोडीफार. सगळी सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली, मग इथलीच झालेली. दर पौर्णिमेला कोणाच्या तरी घरी बुद्धवंदना असते. मेणबत्ती लावायचा मान वयाने मोठ्या बाईचा, म्हणजे बरीच वर्षं माझाच.

आश्विनातली पौर्णिमा होती. पांढरी साडी नेसून मी पुढे गेले, काडी ओढली, आणि ती काडी वातीला लागेचना. वात जिथे आहे तिथेच आहे, माझा हातच तिच्या आजूबाजूला फिरतोय. एक काडी विझली, दुसरी विझली. तिसरीला ह्यांनी पुढे होऊन माझं मनगट धरलं आणि मेणबत्ती पेटली. सगळे वंदना म्हणायला लागले. मी ओठ हलवत होते, पण लक्ष सगळं उजव्या हाताकडे. तो मांडीवर ठेवला होता तरी हलत होता. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर घासत होती, जशी पिठाची गोळी वळावी तशी. मी वळत नव्हते नं. ती आपली आपणच वळत होती.

त्या दिवसापासून प्रत्येकाकडे माझ्या हाताचं एक कारण होतं. हे म्हणाले अशक्तपणा आहे, आणि बदाम घेऊन आले. शेजारच्या श्रीवास्तव भाभी म्हणाल्या, "दीदी, ये नसों की कमज़ोरी है," आणि कसलं तरी काळं तेल देऊन गेल्या, त्याचा वास अजून उशीला आहे. पल्लवी नोएडाहून फोनवर म्हणे, आई, आप टेंशन बहुत लेती हो. माझी पोरगी इथेच वाढली, मराठी सगळी कळते पण उत्तर हिंदीत देते. मी तिला म्हटलं, टेन्शन आधी आलं का हात आधी हलला ते तू सांग.

आणि मी काय केलं? तू करतेस तेच. हात लपवला. मंडईत पिशवी त्याच हातात धरायची, म्हणजे वजनाने तो गप्प बसेल. कोणी आलं की हात मांडीखाली. चहा मात्र द्यावाच लागे, तर कप अर्धाच भरायचा. भाभी एकदा हसत म्हणाल्या, दीदी, शक्कर महंगी हो गई क्या. मीही हसले, पण दार लावल्यावर तो अर्धा कप मला फार लागला. आपल्याकडे अर्धा चहा देतात का कोणाला?

बसवेना

हाताचं सगळ्यांना दिसलं, पायाचं कोणाला दिसलं नाही. पायांना स्वस्थता नव्हती. दुखत नव्हते, मुंग्या नव्हत्या. नुसतं बसवत नसे. टीव्हीपुढे बसले की दोन मिनिटांत उठायचं, गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं, परत यायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. आतून कोणी तरी सारखं म्हणतंय, ऊठ, चल, ऊठ. कुठे जायचं ते मात्र सांगत नाही. डाळ निवडायला घेतली की ताट खाली ठेवून फिरून यावंसं वाटे. वंदनेला बसणं नकोसं झालं, कारण तिथून उठता येत नाही.

आमचे हे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, शांत माणूस. घड्याळाच्या लंबकाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत बसत. एक दिवस म्हणाले, "पल्लवीची आई, मला चक्कर येते. थोडी बस नं."

बसता आलं असतं तर काय पाहिजे होतं.

त्याच थंडीत पल्लवीने गोड बातमी दिली. आता बघ, तुला माहीत आहे मी काय आहे ते. या कॉलनीत कोणाच्या घरी मूल झालं की पहिलं बोलावणं मला. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळाला पायांवर पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, मग कढत नव्हे पण चांगलं ऊन पाणी. भाभींची दोन्ही नातवंडं माझ्या पायांवर न्हाली. दुसऱ्यांची इतकी लेकरं न्हाऊ घातली, आणि आता माझ्याच लेकीचं येणार होतं. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, म्हणजे माझ्याकडे. फोन ठेवला आणि दोन्ही हात पुढे धरून बघितले. उजवा तर हलतच होता. त्या दिवशी डावाही हलला.

डॉक्टरांनी नाव सांगितलं

मग मीच म्हटलं, चला डॉक्टरकडे. बाळ येईपर्यंत मला हात पाहिजे होता.

एका खाजगी डॉक्टरकडे गेलो. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खोलीत चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, कोपरातून हात वाकवून बघितला. विचारलं, कोणती औषधं चालू आहेत. मी म्हटलं, बीपीची एक गोळी. ते म्हणाले, और कुछ? मी म्हटलं, नहीं, और कुछ नहीं. मग त्यांनी ह्यांच्याकडे बघत, माझ्याकडे नाही, सांगितलं की पार्किन्सन आहे, म्हणजे आपला कंपवात. औषध आयुष्यभर.

हे म्हणाले, ज़रा फिर से बताइए. त्यांना ऐकू आलं होतं, कुंदे. दुसऱ्यांदा तरी वेगळं काही निघेल असं त्यांना वाटलं असावं.

येताना टेंपोत मी हातावर बसले होते. हे पुढे बघत होते. चौकात उतरून त्यांनी अमरूद, म्हणजे पेरू घेतले, चांगले अर्धी पिशवी. ते अमरूद टोपलीत पिवळे पडले, मऊ पडले, कोणी हात लावला नाही. शेवटी गायीला घातले. भीती म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मला ती टोपली आठवते.

मी मरायला भ्यायले नाही. मी भ्यायले ते आपल्या गावच्या एका म्हाताऱ्याला आठवून. लहानपणी आपण बघितला होता नं, ओसरीवर बसलेला, तोंडातून लाळ, सून भरवतेय. आपण पोरी हसायचो. रोज संध्याकाळी मला तो दिसायला लागला.

नव्या गोळ्यांनी पोट ढवळायला लागलं. घास वर येई. त्याच्यावर माझ्याकडे उपाय होता. माझी पित्ताची कॅप्सूल, अमरावतीहून येणारी. आधी सकाळी एकच घेत होते, आता संध्याकाळीही घ्यायला लागले. पोटाला बरं वाटे. हात मात्र आणखी हलायला लागला. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पोट आणखी ढवळलं, मी आपली कॅप्सूल सोडली नाही. ब्लाउजचे हूक लावणं बंद झालं. हे लावून द्यायचे, माझ्या पाठीशी उभे राहून. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या हुकांची मला जेवढी लाज वाटली तेवढी कशाची वाटली नाही.

विहीणबाईंचा फोन

विहीणबाई पल्लवीजवळच राहतात, नोएडाला. नागपूरच्या, शाळेत शिकवलेल्या, बोलणं मोजूनमापून. त्यांचा फोन आला. आधी हवापाणी झालं. मग म्हणाल्या, "ताई, तुमची तब्येत अशी. मनात आणू नका, पण यावेळचं बाळंतपण आम्ही इकडेच करतो. तुम्ही फक्त आराम करा."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर मात्र ह्यांच्यावर तुटून पडले. कारण मी तर पल्लवीला एवढंच सांगितलं होतं की थोडा हात दुखतो. कंपवात हा शब्द तिकडे गेलाच कसा? ह्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, लपवून काय करणार होतो, उद्या लेकरू हातातून निसटलं तर?

म्हणजे त्यांनाही तेच वाटत होतं. माझे हात त्यांच्याही भरवशाचे राहिले नव्हते.

आम्ही दोन-तीन दिवस कामापुरतंच बोललो. हूक लावून देत होते ते, पण मी थँक्यू म्हणायचे. नवऱ्याला थँक्यू म्हणणं म्हणजे काय ते तू समजू शकतेस.

लौकी

आता हसू नको. मी एक लौकी आणली. दुधी भोपळा, चांगला जाडजूड, तान्ह्या लेकराएवढा. सब्ज़ीवाल्याने विचारलं, आंटी, इतनी बड़ी? मी म्हटलं, हाँ भैया, बड़ी ही चाहिए. हे बँकेत गेल्यावर न्हाणीत पाट मांडला, पाय लांब केले, लौकीला तेल लावलं आणि पायांवर घेतली. डाव्या हाताने धरायची, उजव्याने तांब्याने पाणी. पहिला तांब्या माझ्याच मांडीवर सांडला. दुसऱ्याला लौकी सटकली आणि नळापाशी जाऊन आदळली. तिला चीर गेली.

मी तिथेच बसून राहिले. पाय पण थांबले होते त्या वेळी, एवढं आठवतं.

हे कधी परत आले मला कळलं नाही. दारात उभे होते. ओली मी, तेलकट लौकी, सगळं त्यांनी बघितलं आणि त्यांना समजलं. लौकी उचलली, धुतली, आणि रात्री स्वतः भाजी केली. ताटात वाढताना म्हणाले, "आज भाजी मऊ झाली. आंघोळ घालून मालिश केलेली आहे नं."

मी हसले. किती तरी दिवसांनी. मग रडले. मग ते म्हणाले, आपण दुसरीकडे दाखवू. पल्लवीही रोज फोनवर तेच सांगत होती, आई, सेकंड ओपिनियन लो. मी म्हणायचे, एकाने घाबरवलं तेवढं पुरे. पण त्या लौकीनंतर मी हो म्हटलं.

पिशवी

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सकाळी जाऊन पर्चा, म्हणजे केसपेपर काढायचा, मग लाइनीत बसायचं. मला बसवत नव्हतं तर मी भिंतीला लागून येरझाऱ्या घालत होते. तिथल्या बाकावर सगळे हलणारेच. कोणाचा हात, कोणाची मान. एक सरदारजी होते, त्यांची हनुवटी हलत होती. त्यांनी मला बघून शांतपणे विचारलं, "बहनजी, कौन सा वाला? सीधा कि उल्टा?" म्हणजे उजवा का डावा. मी दोन्ही हात दाखवले. ते म्हणाले, फिर तो आप सीनियर हैं. पहिल्यांदाच कोणापुढे तरी मी हात उघडे ठेवले. बाटलीचं झाकण मला उघडेना, तर बाजूच्या एका बाईने न विचारता उघडून दिलं आणि दुसरीकडे बघायला लागली, मला अवघड वाटू नये म्हणून. आजारात अशा माणसांची नावं विचारायची राहून जातात.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पल्लवीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी कागद दिला आणि म्हणाल्या, माताजी, एक जलेबी बनाइए. पेनाने जिलबी काढायची, आतून बाहेर गोल गोल. माझी जिलबी म्हणजे कातरलेली झालर झाली. मग नाव लिहायला सांगितलं. मराठीत लिहिलं. सुरुवातीला बरं अक्षर, शेवटी मुंगी. या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायला लावलं. हात नुसता ठेवल्यावर बघितला, पुढे धरल्यावर बघितला.

त्यांनी समजावलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. हात थरथरतो म्हणजे सगळ्यांचा एकाच कारणाने नाही. कोणाचा रिकामा असताना हलतो, कोणाचा काही उचलायला गेलं की. कोणाच्या घरात आजीपासून चालत आलेलं असतं, त्यात घाबरण्यासारखं नसतं. कोणाच्या गळ्यातली गाठ जास्त काम करते, ती थायरॉइडची. कोणाला खराच कंपवात असतो. आणि कधी कधी, त्या म्हणाल्या, बाहेरून आलेलं असतं. माझा हात दोन्ही तऱ्हेने हलत होता आणि दोन्ही बाजूंना लवकर पसरला होता, ते त्यांना जरा खटकलं.

मग तोच प्रश्न. औषधं काय घेता? मी म्हटलं, बीपीची गोळी, आणि आता ही कंपवाताची. और कुछ? और कुछ नहीं.

त्या म्हणाल्या, "माताजी, अगली बार जो कुछ भी आपके मुँह से अंदर जाता है, सब एक थैले में लेकर आइए. दवा हो, चूरन हो, कुछ भी. आप मत सोचिएगा कि क्या दवा है. वो मैं सोचूँगी."

आमचे हे सरकारी माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. पुढच्या आठवड्यात निघताना त्यांनी सगळं स्वयंपाकघर पिशवीत भरायला घेतलं. ओवा, हिंग, त्रिफळा, बडीशेप, भाभींनी दिलेली गुळवेलीची पूड, माझं सुपारीचं डबडं. मी म्हटलं, आता कढईही घ्या. ते म्हणाले, बाईंनी सब म्हटलंय. आणि काळ्या तिखटाचा डबा उघडून त्यातली कॅप्सूलची पाकिटंही टाकली.

आता ती तिखटाच्या डब्यात कशी, ते सांगते. तुझ्या घरात असंच काही आहे का ते बघ. तीन-चार वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाला अमरावतीला गेले होते, तेव्हा पित्ताने हैराण झाले. तिथले आपले जुने डॉक्टर, ज्यांनी माझ्या सासूलाही तपासलेलं, त्यांनी ही कॅप्सूल पंधरा दिवस घ्यायला सांगितली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग काय, आमच्या जाऊबाई. तिकडून कोणीही गाडीने निघालं की त्यांची पिशवी तयार. जवसाची चटणी, कुरडया, काळं तिखट, आणि तिखटाच्या डब्यात कागदात गुंडाळलेली माझी पाकिटं. हे चारबाग स्टेशनला जाऊन पिशवी घेऊन यायचे, घरभर गावाचा वास सुटायचा. इथल्या डॉक्टरची गोळी म्हणजे औषध, ती कपाटात, खोक्यात. गावाकडून आलेलं ते औषध कसं? ते तर गावाकडचं. पंधरा दिवसांची कॅप्सूल मी वर्षानुवर्षं जेवणाआधी घेत राहिले आणि दोन डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, और कुछ नहीं. खोटं बोलले नाही, कुंदे. मला खरंच ती आठवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर एकेक वस्तू मांडली. ओवा बाजूला. हिंग बाजूला. सुपारीचं डबडं बघून माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मग पाकीट हातात घेतलं. त्याला तिखट लागलेलं, त्यांना शिंक आली. पाकीट उलटं करून बारीक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं.

"ये कब से?"

मी सांगितलं.

"रोज़?"

मी म्हटलं, पहले एक, अब दो.

त्या खुर्चीला टेकल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या की या कॅप्सूलमध्ये दोन औषधं एकत्र आहेत. त्यातलं एक पोटातलं अन्न पुढे ढकलतं, आणि काही माणसांमध्ये, वय झालेल्यांमध्ये जास्त, तेच औषध बरेच दिवस घेतलं तर कंपवातासारखं सगळं करून दाखवतं. हात हलणं, अक्षर बारीक होणं, चाल मंदावणं. मी हळूच विचारलं, और पैर? बैठा नहीं जाता. त्या म्हणाल्या, हाँ माताजी, वो भी.

तेव्हा मला रडू आलं. हात तर सगळ्यांनी बघितला होता. पायाचं मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीच वेडी झाले असं मला वाटत होतं.

हे म्हणाले, मतलब कंपवात नहीं है? त्या म्हणाल्या, अभी वादा नहीं करूँगी. ही बंद, दुसरी आपण हळूहळू कमी करू. महिने लागतात. बहुतेकांचं जातं, एखाद्याचं पूर्ण जात नाही, कारण खरा आजार मागे दबून बसलेला असतो. तसं निघालं तर त्याचं बघू.

वाट बघणं

वाटलं होतं कॅप्सूल बंद, हात बंद. कुठलं काय. पित्त परत उसळलं. त्यावर त्यांनी दुसरं साधं औषध दिलं आणि सुपारी सोडायला लावली. हात तसाच. पाय तसेच. लखनऊची गर्मी, लू सुटलेली, आणि मी कूलरपुढून गॅलरीत, गॅलरीतून कूलरपुढे. रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं हाताकडे बघायचं. हे पण बघायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की पंख्याकडे बघायचे.

मधेच जाऊबाईंचा फोन. ह्यांनी त्यांना सांगितलं होतं की आता ते पाठवू नका. त्यांना फार लागलं. म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुला जहर पाठवलं का वो?" मी म्हटलं, वहिनी, तुम्ही माया पाठवली, पंधरा दिवसांची कॅप्सूल जन्मभर मी खाल्ली. तरी महिनाभर त्यांचा फोन आला नाही. मग एकदा कोणाबरोबर तरी पिशवी आली. नुसती चटणी आणि तिखट. डबा मी बोटाने तळापर्यंत तपासला. आत काही नव्हतं. मग मात्र फोन करून मीच भांडले की कुरडया कुठे आहेत.

आधी पाय थांबले. एके दिवशी डाळ निवडून ताट रिकामं झालं आणि मला कळलं की मी उठलेच नाही. कोणाला सांगितलं नाही, नजर लागेल म्हणून. मग हुकांपैकी वरचे दोन लागायला लागले, मग सगळे. ह्यांची हूक लावायची नोकरी गेली म्हटलं तर म्हणाले, पेन्शन दे.

पल्लवीला सप्टेंबरात मुलगी झाली, नोएडाला. फोनवर फोटो आला. हे आणि भाभी माझ्याकडे बघत होते म्हणून मी खूश झाले. खूश होतेच गं. पण न्हाणीतला तो पाट भिंतीला टेकवलेला होता, त्याच्याकडे मी त्या दिवशी गेले नाही.

पाट

सव्वा महिना झाल्यावर पल्लवी आली, आणि बाळाबरोबर विहीणबाईही आल्या. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की मी विषय काढणार नाही. आंघोळीची वेळ झाली तेव्हा तेल कोमट करून दिलं, पंचा दिला, पाणी बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून आले. हाताची करंगळी अजून हलत होती. रिकामा ठेवला की थोडी, जशी एखादी गोष्ट आठवून हलावी तशी.

पल्लवीने न्हाणीतून हाक मारली. मी दारात गेले. पाट मांडलेला, रिकामा. बाळ तिच्या हातात. विहीणबाई तांब्या घेऊन उभ्या.

"आई, बैठो," पल्लवी म्हणाली.

मी म्हटलं, राहू दे गं, विहीणबाईंना सवय आहे. माझा भरवसा नाही.

तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "ताई, मला कसली सवय? सव्वा महिना मी हिला टबमध्ये बसवून नुसती पुसून काढतेय. मला येत नाही ते. तुम्ही धरा, पाणी मी घालते."

मी बसले. पाय लांब केले. पल्लवीने लेकरू पायांवर पालथं ठेवलं, तेलाने सुळसुळीत, लौकीपेक्षा कितीतरी हलकं. डावा हात छातीखाली गेला, उजवा पाठीवर. करंगळी एकदा हलली. विहीणबाईंनी पहिला तांब्या ओतला, आणि हात कामाला लागला तसा गप्प झाला. बाळ रडलं, मोठ्याने, चांगलं रडलं. मी म्हटलं, आणखी, पाणी आणखी, अशा घाबरू नका. दारात हे उभे होते. ते म्हणाले, "ही भाजी नीट धर बरं."

विहीणबाईंना काही कळलं नाही. आम्हा दोघांना एवढं हसू आलं की पल्लवी ओरडली, आई, ध्यान से.

शेवटचं

कुंदे, तुझा हात माझ्यासारखाच आहे असं मी म्हणत नाही. तुझं कारण वेगळं असेल. त्या बाकावरचे सरदारजी, त्यांना खरा कंपवात होता, आणि ते मला नंतर दोनदा भेटले तेव्हाही जोक मारत होते. त्या आजारातही माणूस जगतो, औषधाने चालतो-फिरतो, आपण लहानपणी हसलो तेवढं ते सोपं नाही आणि मी भ्यायले तेवढं भयंकरही नाही. आणि हे वाचून कोणी आपली कोणतीही गोळी एकदम बंद करू नका, तेही डॉक्टरांनाच विचारायचं. माझी करंगळी आजही कधी कधी हलते. डॉक्टरीणबाई सहा महिन्यांनी जलेबी काढायला लावतात. आता ती बाजारात खपेल इतपत गोल येते.

पण तू ये. तुझ्याकडे ऐकणारं कोणी नाही, मला माहीत आहे. जावईबापू कामात, सून लांब. रिझर्वेशन कर आणि ये, चारबागला आमचे हे घ्यायला येतील, त्यांना तिथली सवय आहे. येताना घरात तुझ्या तोंडात जे जे जातं ते सगळं पिशवीत भर. औषध आहे का नाही, त्याचा विचार करू नको. डब्यातलं, देवळीतलं, उशीखालचं, सगळं. आपण दोघी लाइनीत बसू. हात उघडा ठेवून बस तिथे, कोणी बघत नाही. आणि घरी आलीस की चहा करीन. काठोकाठ भरून देईन, माझ्या हाताने. तुझ्या हातून सांडला तर सांडू दे, फरशी माझी आहे. फक्त थंडी सरायच्या आत ये.